पसंतीक्रम दिला की मतं वाया जायची थांबतात का?

निळी_शाई: ब्रिटनचे २०२४ चे आकडे बघत होते. लेबर पक्षाला मतं साधारण ३४ टक्के आणि जागा ६५० पैकी ४११, रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं मिळून जागा फक्त ५! एक जण म्हणाला मतदारांना १-२-३ असा पसंतीक्रम द्यायला लावा, घोळ संपेल. खरंच संपतो का?

पारावरचा: नाही संपत, दोन वेगळे प्रश्न आहेत हे. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचाय तर पसंतीक्रमाने एवढंच होतं की एकाच विचाराचे दोघं उभे राहून मतं फुटली तरी तिसऱ्याचं आयतं फावत नाही, शेवटच्याला बाद करत त्याची मतं पुढच्या पसंतीला जातात. पण सगळीकडे विखुरलेले १४ टक्के जागोजागी हरणारच. ऑस्ट्रेलियात खालच्या सभागृहाला १९१८ पासून हीच पद्धत आहे आणि २०२५ ला ग्रीन्स पक्षाला देशभरात १२ टक्के मतांवर मिळाली १ जागा.

गणितवेडा: आणि फुटाफुटीवरचा इलाजही पक्का नाही. अमेरिकेत बर्लिंग्टनच्या महापौरपदाला २००९ मध्ये मोंट्रोल नावाचा उमेदवार एकास एक समोरासमोर धरला तर बाकी प्रत्येकाला हरवत होता, मतपत्रिकांवरूनच दिसत होतं, पण पहिली पसंती कमी म्हणून तो आधीच बाद आणि जिंकला किस नावाचा दुसरा उमेदवार. पुढच्याच वर्षी तिथल्या लोकांनी मतदान करून पद्धतच काढून टाकली.

निळी_शाई: मग सरळ जेवढी मतं तेवढ्या जागा द्या ना, विषय मिटला

पारावरचा: जागा मिळायला किमान किती टक्के मतं हवीत ही अट बघ आधी. तुर्कीत २००२ ला प्रमाणशीर पद्धतच होती, पण अट १० टक्क्यांची, ती ओलांडली दोनच पक्षांनी, म्हणून एकेपी या पक्षाला ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा. तुझं ब्रिटनचंच गणित झालं की! जवळपास ४५ टक्के मतं कुणाच्याच खात्यात नाहीत. उलट नेदरलँड्समध्ये वेगळी अशी अट नाहीच, त्यामुळे खूप पक्ष आत येतात आणि जुळवाजुळव लांबते, २०२१ च्या निवडणुकीनंतर सरकार बसायला २९९ दिवस लागले.

साधा_मतदार: मला न्यूझीलंडचं पटतं. १९९६ पासून दोन मतं, एक उमेदवाराला एक पक्षाला, एकूण जागा पक्षाच्या मतांवर ठरतात. अट ५ टक्के, किंवा एखादा मतदारसंघ जिंकला तरी चालतं. शिवाय मतदारसंघाचा आमदार-खासदारासारखा आपला माणूस असतोच, म्हणून तक्रार घेऊन कुणाकडे जायचं तेही ठरलेलं राहतं.

गणितवेडा: पण पक्षाच्या मतांवरच्या जागा ज्या यादीतून भरतात, त्या यादीत कोण वर कोण खाली हे तिथे पक्षच ठरवतो, मतदाराला त्यात हात घालता येत नाही. ते खटकत नाही का तुला?

साधा_मतदार: खटकतं. पण १४ टक्क्यांना ५ जागा त्याहून जास्त खटकतात.