जर्नल, प्रॅक्टिकल आणि नीट: एकाच वर्षात कसं निभावलंत?

परवा रात्री साडेअकराला मी ओट्यापाशी उभी राहून लेकीच्या बायोच्या जर्नलात अ‍ॅनाफेज काढत होते. वय ४६, शिक्षण बी.कॉम. कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशी कशा दुभंगतात, त्याच्या चार आकृत्या. पंचवीस वर्षं कांदा चिरतेय, त्याच्या बुडाशी एवढं काही चाललेलं असतं याचा पत्ता नव्हता.

लेक बारावीला. तिचं कॉलेज अजूनही हजेरी मांडणारं. सकाळी साडेसातला लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, चार ते आठ क्लास, रविवारी टेस्ट. फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल, मग लेखी, आणि मे महिन्यात मेडिकलच्या प्रवेशाची नीट. वर्गातल्या निम्म्या मुलांनी नावापुरता प्रवेश घेतलाय, ती कॉलेजचं तोंड बघत नाहीत. लेकही परवा म्हणाली, 'आई, मी पण नाही गेले तर?' मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. कॉलेजचं (कुठलंही, बारावीच असं नाही) ओझं डोक्यावर असताना ज्यांनी मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, त्यांनी लिहा. पार झालात की नाही हे महत्त्वाचं नाही. दिवस कसा काढलात ते सांगा. 'टाइम टेबल करा' असं कृपया कुणी सांगू नका. आमच्या फ्रिजवर तीन आहेत.

— ओट्यावरून

*

ताई, आधी एक गोष्ट: आकृती आईने काढलीय हे आम्हाला कळतं. आईची रेघ एका दमात जाते, पोरांची तीनदा खोडलेली असते. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतोय, जर्नलं तपासून तपासून मनगट गेलं.

आता हिशेब. बारावीला प्रत्येक सायन्स विषयाचे लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३०. मेडिकलच्या पात्रतेला फिजिक्स, केमिस्ट्री, बायो मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, म्हणजे ३००पैकी १५०. आरक्षित गटांना ४० टक्के. तिन्ही प्रॅक्टिकलांचे मिळून ९०पैकी ८० आले (जर्नल पूर्ण असेल आणि तोंडीला बोबडी वळली नाही तर येतात), तर लेखीत २१०पैकी ७० राहिले. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, बारावीच्या टक्क्यांवर नाही. तेव्हा बोर्डाच्या नावाने रात्र रात्र जागवू नका. पण इंग्रजीला हलकं घेऊ नका. त्यातही पास व्हावंच लागतं, आणि 'डॉक्टरला कशाला इंग्रजीचा निबंध' म्हणणारा एक तरी दरवर्षी भेटतो.

प्रॅक्टिकल बुडवू नका असं मी म्हणतो, आणि ते माझ्या नोकरीपायी नाही. व्हर्निअरची मापपट्टी हातात धरलेल्या मुलाला त्यावरचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटतो. न धरलेला सूत्र आठवत बसतो. लेक्चरचं मात्र शपथेवर सांगू शकत नाही. माझीसुद्धा काही लेक्चरं बुडवण्यासारखी असतात.

— खडूफळा

*

आमची २०१६ची बॅच, लातूर. त्या वर्षी पाणी हाच सातवा विषय होता.

एका खोलीत चौघं. कॉलेज, क्लास, पुन्हा कॉलेज, आणि टँकर गल्लीत आला की मालकीण खालून हाक मारायची. मग हातातलं ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं पुस्तक ठेवून घागर उचलायची. पाळी लावली होती: ज्याची पाण्याची पाळी, त्याचं जर्नल बाकीचे तिघं लिहिणार. सर (खडूफळा नव्हे, दुसरे) म्हणाले, 'एका जर्नलात तीन अक्षरं कशी?' आम्ही खरं ते सांगितलं. त्यांनी सही केली.

बारावी संपली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, आम्ही बघायला गेलो नाही, राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी, ५ मेला होती. आमची सगळी तयारी राज्य मंडळाच्या पुस्तकावर आणि त्या सीईटीवर, जिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नीटच. पहिला टप्पा १ मेला! नीट तेव्हा इंग्रजी-हिंदीतच होती, मराठी २०१७पासून आली. नीट ज्यांच्यावर बेतलेली, ती एनसीईआरटीची पुस्तकं तीन दिवसांत कुठून आणायची? दुकानात गेलो तर रांग, आणि फिजिक्सचा दुसरा भाग संपलेला. मग २४ मेला अध्यादेश निघाला की त्या वर्षापुरती सरकारी जागांना राज्याची सीईटी चालेल. तोवर माझ्या खोलीतल्या एकाने बॅग भरून गाव गाठलं होतं.

माझं त्या सीईटीवर झालं. म्हणून मला 'कसं केलंत' विचारलं की ओशाळल्यासारखं होतं. अध्यादेश निघाला नसता तर मी आज काय करत असतो, देव जाणे. लेकीला एवढंच सांगा की जर्नलाची पाळी लावून घे. चार मैत्रिणी पुरतात.

— मांजराकाठ

*

माझा अनुभव उलटा आहे. बारावीला नीटमध्ये नाही झालं, म्हणून अमरावतीला बीएस्सीला नाव घातलं, आणि नीट रिपीट. घरचे म्हणाले वर्ष वाया नको. शिवाय कॉलेजमुळे होस्टेल मिळत होतं, एसटीचा पास मिळत होता, शिष्यवृत्ती सुरू राहत होती. कॉलेज सोडून घरी बसून तयारी करायला घरी खोली लागते. आमची दोन खोल्यांची, त्यात सात जणं.

केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी घेतलं. वाटलं, बायो तर होतच राहील. झालंही. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्लाइड ओळखता ओळखता नीटचे पाठ आपसूक पक्के व्हायचे. पण या गटात फिजिक्स नाही! नीटमध्ये १८० प्रश्नांपैकी ४५ फिजिक्सचे, ७२०पैकी १८० गुण. दिवसभर त्याचा शब्द कानावर पडत नाही, म्हटल्यावर ते गंजत जातं. दिवाळीनंतरच्या पहिल्या टेस्टमध्ये फिजिक्सला ११ गुण आले. बारावीत असताना ६०-६५ यायचे.

मग मेसमध्ये एक सोय केली. भाजी घ्यायची रांग वीस मिनिटांची. रांगेत उभं राहून रोज तीन न्यूमेरिकल, ताटाच्या पाठीला कागद लावून. ज्या दिवशी वांगं असेल त्या दिवशी रांग छोटी आणि न्यूमेरिकल एकच. फेब्रुवारीपर्यंत ८०च्या घरात पोचले.

खरा घोळ एप्रिलमध्ये झाला. विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा आणि नीट एकावर एक आल्या. बॉटनीचा पेपर दिला, केमिस्ट्रीचा दिला नाही. त्या दिवशी खोलीत बसून प्रकाशशास्त्र केलं आणि बाहेर मैत्रिणी पेपरला निघाल्या तेव्हा दाराची कडी लावून घेतली. लाज वाटत होती, का ते सांगता येणार नाही. पुढे एमबीबीएस नाही मिळालं, दातांचं बीडीएस मिळालं. तो केमिस्ट्रीचा विषय मागे राहिलेलाच आहे, गुणपत्रिकेवर अजून 'गैरहजर' आहे. कधीतरी फ्रेम करीन.

— वांग्याची रांग

*

२०२०ची बॅच. परीक्षा ३ मेवरून २६ जुलैला, तिथून १३ सप्टेंबरला. थोडक्यात हुकलं. बीएस्सीला ऑनलाइन प्रवेश. कॅमेरा बंद, आवाज बंद, हजेरीला 'येस मॅम', आणि समोर नीटचं पुस्तक. दोन्ही एकदम करायला याहून सोपं वर्ष इतिहासात झालं नसेल. तरी २०२१ला माझे गुण कमी झाले. दिवसभर घरात, कुणी विचारणारं नाही, आणि लेक्चर चालू आहे एवढ्या भांडवलावर मी अभ्यास करतोय असं मलाच वाटायचं. कॉलेजचा काच असता तर बरं झालं असतं, हे आज म्हणतो.

— म्यूटवर

*

एसटी, डावीकडची खिडकी, जाऊन-येऊन अडीच तास. घाटात वाचलं की उलटी. म्हणून आदल्या रात्री प्रश्न स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचे, प्रश्नानंतर पाच सेकंद गप्प, मग उत्तर. कंडक्टरकाकांना सस्तन प्राण्यांचं वर्गीकरण पाठ झालं होतं.

— राजापूर डेपो

*

मी बीएएमएसला असताना नीट पुन्हा दिली. २०१८ला आयुर्वेदाला नंबर लागला, घरच्यांनी पेढे वाटले, मी मनात ठरवलं की पुढच्या मेमध्ये एमबीबीएस.

आमच्या पहिल्या वर्षाला पदार्थविज्ञान नावाचा विषय असतो. तो फिजिक्स नव्हे, तत्त्वज्ञान! द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. सकाळी वर्गात ते, रात्री खोलीवर वर्तुळाकार गती. टेस्टच्या रात्री मित्र विचारायचा, 'आज कुठलं पदार्थविज्ञान?' एकदा तर मी कॉलेजच्या चाचणीत कर्माचं लक्षण लिहिताना बल गुणिले विस्थापन असं लिहून आलो. सरांनी लाल शाईने शेजारी लिहिलं, 'एकक?' माझ्याकडे तो कागद आहे.

नऊ ते चार कॉलेज, हजेरीची सक्ती, रचनाशारीरला विच्छेदन, अंगाला फॉर्मॅलिनचा वास. जेवताना हाताला येतो तो. संध्याकाळी अंघोळ करून बसायचो तर मानेचे स्नायू डोळ्यासमोर, आणि पुस्तकात बेडकाचं पचन. ५ मे २०१९ला नीट दिली. मागच्यापेक्षा १९ गुण जास्त आले, पुरेसे नव्हते. कॉलेजच्या परीक्षेत क्रियाशारीर (शरीराचं काम कसं चालतं, तो विषय) गेलं. दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेलो आणि मधल्या ओढ्यात बसलो.

या धाग्यावर जे बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग करताकरता पुन्हा नीट देणारे असतील त्यांच्याशी माझं भांडण आहे, प्रेमाचं. बारावीचं ओझं उतरणार असतं, म्हणून ते पेलता येतं. या कॉलेजांचं ओझं दर महिन्याला वाढतं, आणि तिथलं जे कच्चं राहतं ते उद्याच्या पेशंटच्या वाट्याला येतं. द्यायची तर वर्षभराची सुट्टी मागून बघा, नाहीतर नाव काढा. मी नाव काढलं नाही. क्रियाशारीर पुन्हा दिलं, आता गावात दवाखाना आहे. अजून मेच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता घड्याळाकडे बघतो.

— समवाय

*

माझं कॉलेज न्यू जर्सीत, घर मूळ सांगलीचं. इकडे बारावीनंतर थेट मेडिकल नाही. आधी चार वर्षांची पदवी, त्यात ठरावीक विषय, आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा. खडूफळा सरांचा हिशेब वाचून हेवा वाटला. इथे कॉलेजचे गुण एका बाजूला ठेवताच येत नाहीत. चार वर्षांची सरासरी अर्जावर जाते, एमकॅट तिच्या शेजारी. एखादं वर्ष घसरलं की ते पुसलं जात नाही.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीची लॅब आठवड्याला चार तास, वर तिचा अहवाल. एमकॅट साडेसात तासांची, मधल्या सुट्ट्या धरून. २३० प्रश्न, गुण ४७२ ते ५२८. यातला एक भाग नुसत्या उताऱ्यांचा, विज्ञानाचं अक्षरही नाही. मला घाम तिथेच फुटला. मी एप्रिलची तारीख घेतली होती. मार्चमध्ये दोन लॅब अहवाल, एक भौतिकशास्त्राची परीक्षा आणि एमकॅटचा सराव पेपर एकाच आठवड्यात आला. सराव पेपरच्या पाचव्या तासाला मी टेबलावर डोकं ठेवलं ते लायब्ररीवाल्याने उठवलं. तारीख ऑगस्टला ढकलली. पैसे गेले, आणि आईशी तीन दिवस अबोला. पण मेमध्ये कॉलेज संपल्यावर सकाळी उठून फक्त एकच काम आहे, हे सुख काय असतं ते कळलं.

आजी सांगलीहून फोनवर विचारायची, 'किती पडले गं?' ५११ सांगितल्यावर म्हणाली, 'कितीपैकी?' ५२८ म्हटल्यावर तिने गल्लीभर सांगितलं की नातीचे सतराच गुण गेले.

— हडसनपार

*

फक्त बाप. मुलाच्या बारावीत मी एकच काम केलं: रात्री साडेअकराला मेन स्विच बंद. पोराने दोन महिने शिव्या घातल्या. आता तो वॉर्डात रात्रपाळ्या करतो आणि म्हणतो, बाबा, ती झोप राहून गेली असती तर बरं झालं असतं, सवय झाली असती. काय बोलायचं?

— मेन स्विच

*

सगळ्यांचे आभार. सावकाश एकेकाला उत्तर देते.

खडूफळा सर, तुमचं खरं निघालं. काल जर्नल सहीला गेलं. बायोच्या मॅडमनी पान उघडलं, अ‍ॅनाफेजवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'हे फार छान आलंय. कोणी काढलं?' लेकीने खरं सांगितलं. मॅडमनी पान फाडलं नाही, पण समोर बसवून चारही आकृत्या नव्या पानावर काढायला लावल्या, पुस्तक न बघता. अकरा मिनिटं लागली म्हणे. घरी येऊन दप्तर टाकत म्हणाली, 'तुझ्या टेलोफेजमध्ये दोन गुणसूत्रं कमी होती.'

कॉलेजला जायचं ती म्हणतेय. लेक्चर कुठली बुडवायची ते तिचं ती बघणार आहे. मला आता जर्नलाला हात लावायची मनाई आहे.

— ओट्यावरून