परदेशात पाऊल: एकेक दुकान की एकदम शंभर?

दर्यावर्दी:
परदेशी बाजारात शिरताना आधी एका भागात पाय रोवावेत, मगच पुढे सरकावं, असं माझं ठाम मत आहे. 'टार्गेट'चं कॅनडातलं प्रकरण बघा. २०११ मध्ये दुकानांची साखळी चालवणाऱ्या या अमेरिकन कंपनीने तिथल्या 'झेलर्स' या दुकानसाखळीच्या जागांचे भाडेकरार सुमारे १.८ अब्ज कॅनेडियन डॉलरला घेतले. एवढा पैसा अडकल्यावर दुकानं उघडायची घाई आलीच. पहिली दुकानं मार्च २०१३ मध्ये उघडली आणि वर्षअखेर आकडा १२४ वर गेला. नव्या संगणकप्रणालीत हजारो वस्तूंची माहिती भरताना सेंटिमीटरच्या जागी इंच पडले, कुठे खोक्यातल्या नगांची संख्या चुकली. गोदामं तुडुंब आणि दुकानातल्या फळ्या रिकाम्या! जानेवारी २०१५ मध्ये सगळी १३३ दुकानं बंद करायची घोषणा झाली, सतरा हजारांवर लोकांचा रोजगार गेला. दहाच दुकानं असती तर ही गडबड वेळीच निस्तरता आली असती.

खातेवही:
साफ असहमत. दहा दुकानांसाठी गोदामं, ट्रक आणि पुरवठ्याची यंत्रणा उभारणं परवडणार कसं? रोजच्या वापरातल्या वस्तूंवर नफा तुटपुंजा असतो, पुरवठादार भाव कमी करतो तो मोठी ऑर्डर बघूनच. कपडे विकणाऱ्या स्पॅनिश 'झारा'ने १९८८ मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तोला एक दुकान काढून परदेशात सुरुवात केली, पण तिचा माल स्पेनमधल्या गोदामातून जात होता. ती सोय सगळ्यांना नसते.

आणि सावकाश गेलं की जमतंच, असंही नाही. फर्निचर विकणारी स्वीडिश 'इकिया' १९७४ मध्ये जपानला गेली, १९८६ मध्ये बाहेर पडली. २००६ मध्ये परतली ती मोठी दुकानं घेऊनच.

आडवाट:
तुम्ही दोघंही वेगावर भांडताय. मला विचाराल तर निर्णय कुठे होतात, हे जास्त महत्त्वाचं. इंटरनेटवर खरेदी-विक्री घडवणाऱ्या अमेरिकन 'ईबे'ने चीनमधली तशीच चालती साइट 'ईचनेट' विकत घेतली, २००३ मध्ये पूर्ण ताबा मिळवला. बाजार ओळखणारी माणसं हाताशी होती. तरी पुढच्या वर्षी ती साइट अमेरिकेतल्या जागतिक यंत्रणेवर हलवली. ती संथ झाली, आणि साधा बदल करायचा तरी परवानगी दूरच्या मुख्यालयाची. समोर 'ताओबाओ' ही चिनी साइट होती: विक्रेत्यांना विकायच्या मालाची यादी टाकणं फुकट, ग्राहकाला थेट विक्रेत्याशी गप्पा मारायची सोय. २००६ च्या अखेरीस ईबेने स्वतंत्र कारभार गुंडाळून स्थानिक कंपनीशी भागीदारी केली.

दर्यावर्दी:
@आडवाट, मुख्यालयाला हा धडा छोट्या प्रमाणावरच मिळाला असता तर? टप्पे ठेवायचे ते त्यासाठीच. पहिल्या टप्प्यातल्या तक्रारी वर पोचल्या आणि कुणी ऐकल्या, तर पुढचा पैसा ओतायचा.

खातेवही:
@दर्यावर्दी, टप्पे ठेवायला बाजार थांबतो का? झेलर्सच्या त्याच जागांपैकी ३९ जागा 'वॉलमार्ट कॅनडा'ने टार्गेटकडूनच घेतल्या. टार्गेट दहा दुकानांवर थांबली असती, तर बाकीच्या मोक्याच्या जागा कुणाकडे गेल्या असत्या? सगळे करार घ्यावेत, असं मी अजूनही म्हणेन. फक्त दुकानं उघडण्याआधी एक वर्ष जादा भाडं भरायची तयारी ठेवावी.