प्रजातींच्या संख्येवरून परिसंस्थेच्या सेवांचा अंदाज का चुकतो?

प्रश्न – पर्णछाया
पर्यावरणात बदल झाल्यावर एखाद्या ठिकाणच्या प्रजाती मोजल्या, तरी परागीभवन, कार्बनसाठा, जमिनीची सुपीकता या सेवांशी, म्हणजे निसर्गाकडून माणसाला मिळणाऱ्या लाभांशी, त्या संख्येचा मेळ बसत नाही. काही ठिकाणी मोजक्याच प्रजाती नाहीशा होऊनही सेवा झपाट्याने ढासळते, तर काही ठिकाणी बऱ्याच प्रजाती जाऊनही फारसा फरक पडत नाही. प्रजाती आणि सेवा यांतला हा दुवा प्रजातींच्या गुणधर्मांतून (उदा. शरीराचा आकार, लाकडाची घनता) शोधायचा, तर कोणते गुणधर्म पाहावेत?

उत्तर – मृद्गंध
बदल झेलून प्रजाती टिकेल की नाही हे ठरवतात ते प्रतिसाद-गुणधर्म आणि परिसंस्थेतील कामावर ज्यांचा प्रभाव पडतो ते परिणाम-गुणधर्म, अशी मांडणी लाव्होरेल आणि गार्निए या परिसंस्था-अभ्यासकांनी २००२ मध्ये वनस्पतींसंदर्भात केली. एकच गुणधर्म या दोन्ही भूमिका बजावत असेल, तिथे खरा धोका असतो. व्हेनेझुएलातील गुरी जलाशयामुळे जंगलाचे तुकडे होऊन जी बेटे उरली, त्यांवर मोठ्या आकाराचे शेणकिडे आधी नाहीसे झाले, आणि शेण जमिनीत पुरण्यात सर्वाधिक कार्यक्षमही तेच होते. त्यामुळे प्रजाती ज्या प्रमाणात घटल्या, त्याहून काम अधिक घटले.

उत्तर – वनरेखा
यात एक भर घालते. प्रतिसाद एका जीवाचा आणि परिणाम दुसऱ्याचा, असेही घडते, आणि माझ्या मते हीच साखळी सर्वांत दुर्लक्षित आहे. ब्राझीलच्या अटलांटिक जंगलात शिकारीमुळे मोठे फळभक्षी प्राणी कमी होतात. मोठ्या बिया गिळून दूर नेणारे कोणी उरत नाही. आणि मोठ्या बियांच्या वृक्षांचे लाकूड बहुधा अधिक घन असल्याने, झाडे तेवढीच राहिली तरी कार्बनसाठा कालांतराने घटू शकतो, असे तेथील वृक्षांच्या माहितीवर आधारलेली प्रतिरूपे (मॉडेल) दाखवतात. नुसत्या झाडांचे गुणधर्म मोजणाऱ्याला या घसरणीचे कारण सापडणारच नाही.

उत्तर – मृद्गंध
अगदी खरे. उलट बाजूही सांगायला हवी: एकाच फुलावर येणाऱ्या मधमाश्यांपैकी काही थंडीत आणि काही उष्ण हवेत सक्रिय असतील, तर तापमान बदलले तरी परागीभवन बहुधा चालू राहते. म्हणून आधी सेवा निश्चित करावी, ती कोणत्या गुणधर्मावर उभी आहे ते पाहावे आणि मग तोच गुणधर्म संबंधित बदलाला बळी पडतो का, हे तपासावे. ज्यांचा जैवभार (सजीवांचे एकूण वस्तुमान) अधिक, त्या प्रजातींची मोजमापे प्रत्यक्ष त्याच जागी घ्यावीत, कारण एकाच प्रजातीची पाने सावलीत आणि उन्हात बरीच वेगळी असतात आणि माहितीसंचातील सरासरीत हा फरक बुजून जातो.