ससा वाळत चाललाय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. सोलापुरात कुणाला दाखवू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमची चिंगी साडेचार वर्षांची, नसबंदी झालेली नाही. दिवाळीत 2.1 किलो होती, काल 1.6 भरली. पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका बोटाला लागतो. ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या खडूसारख्या. कोथिंबीर दिसली की अजून धावत येते, पण दोन पानं चावून सोडून देते. लेंड्याही बारीक झाल्यात.

रक्त तपासलं. पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 22 टक्के आलं. सशात साधारण 33 ते 50 असतं. डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलंय, पण रक्त जातंय कुठे ते कळल्याशिवाय टॉनिकने काय होणार? पांढऱ्या कापडावर केस विंचरून पाहिले, पिसवा-गोचीड काही नाही. दाढांना टोकं आली असतील तर खाणं सुटतं, हे मान्य. मला मात्र भीती गर्भाशयाची वाटते. नसबंदी न झालेल्या वयस्क माद्यांत तिथला कॅन्सर बराच आढळतो. दोनदा लघवी लाल दिसली होती. सशाची लघवी नुसत्या रंगद्रव्यानेही लाल होते, म्हणून मी सोडून दिलं. ते आता फार लागतं मनाला.

सोलापुरात सशाची सोनोग्राफी करणारं, दाढा नीट तपासणारं कुणी आहे का? की सरळ पुण्याला न्यावं? न्यायचं तर या उन्हात तिला गाडीत कसं जपायचं, तेही कुणी केलं असेल तर सांगा.