भविष्यकाळात ‘वेंट’ कुठे बसतं?

चोडणकरीण:
भाचा यंदा दहावीला. गो–वेंट–गॉन तोंडपाठ आहे, पण भविष्यकाळाची चारही रूपं लिही म्हटलं की अडतो. विल गो, विल बी गोइंग इथवर ठीक. पुढे ‘विल हॅव वेंट’ की ‘विल हॅव गॉन’? चवथीच्या सुट्टीत पोरगा माझ्या ताब्यात आहे, तेव्हा कुणीतरी नीट सांगा.

मांडवीकाठ:
‘विल हॅव गॉन’च, ताई. वेंटला भविष्यकाळात थाराच नाही, ते साध्या भूतकाळापुरतं. (मुळात ते गोचं नव्हेच, ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप गोने ढापलंय.) विलनंतर मूळ रूप, बीनंतर आयएनजी, हॅवनंतर तिसरं रूप. चौथ्या ‘विल हॅव बीन गोइंग’मध्ये तिसरं रूप आहे ते बीचं. म्हणजे क्रियापद कितीही वाकडं असो, भविष्यकाळात त्याचा वाकडेपणा एकाच जागी दिसतो: विल हॅव टेकन, ईटन, रिटन. बाकी सगळं वॉकसारखं सरळ.

मी हॉटेलच्या रिसेप्शनवर असते. पाहुण्यांना चोडण बेटावरच्या सलीम अली अभयारण्यात पक्षी बघायचे असतात आणि नाश्ता काही आटपत नाही. मग मी म्हणते, ‘बाय द टाइम यू रीच रायबंदर, द फेरी विल हॅव गॉन.’ तुम्ही पोचेपर्यंत फेरीबोट गेलेली असेल. लगेच उठतात! यात ‘यू विल रीच’ नाही, नुसतं ‘यू रीच’. बाय द टाइम, अनटिल, किंवा ‘जेव्हा’ या अर्थाचं व्हेन आलं की त्या तुकड्यात विल घालायचं नाही. पोरांचे मार्क खरे इथे जातात.

सत्तरीवाला:
चौथं रूप बोलताना क्वचितच लागतं. किती काळ चाललंय ते सांगायचं असेल तरच: ‘बाय जून, शी विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स.’ एकदा समजलं की पुरे, त्यावर अख्खी दुपार घालवू नका.

चोडणकरीण:
आणि पुट, कट? तो विचारतोय, ‘विल हॅव पुटेड’ का?

मांडवीकाठ:
छे! तिन्ही रूपं एकच, विल हॅव पुट. रीडचं मात्र बघा: स्पेलिंग तेच, पण विल रीड आणि विल हॅव रेड. लिहिताना कळत नाही, मोठ्याने वाचून घ्या.