मदत हवी आहे: 'मोसम'चा 'मान्सून' होताना मधला 'न' कुठून आला?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या फोंड्याहून लिहितेय. काल दुपारी आभाळ भरून आलं म्हणून वाळत घातलेली सोलं धावतपळत आत घेतली. हात कोपरापर्यंत लाल. तेवढ्यात टीव्हीवर पट्टी, 'मान्सून केरळात दाखल'. आठवीतल्या लेकीने विचारलं, "आई, हा शब्द मराठी आहे?" मी "इंग्रजी" म्हणून मोकळी झाले. सोप्यावर बसलेले सासरे तिथूनच म्हणाले, "इंग्रजी कसला? मोंसांव! पोर्तुगीज तो." ते मुक्तीपूर्वी दोन यत्ता पोर्तुगीज शिकलेत. त्या भाषेपुरता आमच्या घरात त्यांच्यापुढे अपील नाही.

रात्री बसून शोधलं तर दोघेही अर्धवट बरोबर. मूळ शब्द अरबी, 'मौसिम'. खूण करणे अशा अर्थाच्या धातूवरून आलेला, म्हणजे नेमलेला काळ. हजच्या दिवसांनाही तोच शब्द. फारसीतून तो आपल्याकडे 'मोसम' होऊन आला नि हंगाम याच अर्थाने राहिला: आंब्याचा मोसम, लग्नाचा मोसम. हिंदीत तो घसरत हवामानापर्यंत गेला, म्हणून तिकडे 'मौसम विभाग' आणि आपल्याकडे 'हवामान विभाग'. थोडक्यात, एकच शब्द आपल्या घरात दोनदा शिरला, एकदा खुष्कीच्या वाटेने 'मोसम' आणि नंतर समुद्रावरून 'मान्सून'.

इथवर ठीक. अडलंय ते पुढे. 'मोसम'मध्ये एकही 'न' नाही, 'मान्सून'मध्ये दोन. ते आले कुठून? आणि दुसरं, पोर्तुगीज गोव्यात 1510 ते 1961 होते. पाव घेतला, जनेल घेतलं, पावसाळ्याच्या बेगमीला 'पुरूमेंत' म्हणतात तोही त्यांचाच शब्द. मग 'मोंसांव' कुणाच्याच तोंडी कसा नाही? कोकणीत पावस, मराठीत पाऊस, दोन्ही संस्कृत 'प्रावृष्'वरून. मिरग लागला म्हणतील, मोंसांव लागला असं कुणी म्हणताना मी तरी ऐकलं नाही.

लेकीला सोमवारी वर्गात यावर बोलायचंय. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद:
ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. 'न'चं असं: जुन्या पोर्तुगीजमध्ये हा शब्द 'मोउसांव' असाही सापडतो. शेवटचा 'म' त्यांनी नाकात नेला. त्यांच्या कितीतरी शब्दांना ते नाकातलं शेपूट असतंच. पुढे पहिलं अक्षरही नाकात गेलं नि 'मोंसांव' झालं. डच आणि इंग्रज खलाशांनी तो उचलला, तेव्हा नाकातल्या आवाजाचा सरळ 'न' झाला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बंदरात आहे. खलाशाच्या लेखी मोंसांव म्हणजे पाऊस नव्हेच, गलबतं हाकारायचा मोसम. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलला निघत, आफ्रिकेला वळसा घालून नैऋत्येच्या वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. परत निघायची ती डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचा वारा धरून. राजा आणि व्हाइसरॉय यांचा पत्रव्यवहारही त्याच फेऱ्यांनी चाले. त्या पत्रांच्या बाडांना 'मोंसांवची पुस्तकं' असंच नाव आहे, पणजीच्या पुराभिलेखागारात त्यांतली बरीचशी आजही आहेत. आणि ऐन पावसात? मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचायचा, आग्वादपाशी जहाज आत येणं मुश्कील. आपण ज्याला मान्सून म्हणतो, त्या दिवसांत बंदर जवळजवळ बंदच! शेतकऱ्याला त्या शब्दाची गरज काय? त्याच्याकडे पाऊस होता, नक्षत्रं होती.

धागाकर्ती:
खूप आभार. सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शब्द मुळात अरबी हे त्यांना फारसं रुचलेलं नाही, पण मोंसांवच्या पुस्तकांवर खूश आहेत, पणजीला घेऊन चल म्हणतात.

आता लेकीची नवी शंका: 'मान्सून' लिहू की 'मॉन्सून'? वर्तमानपत्रांत दोन्ही दिसतात. मी तूर्त 'मान्सून' सांगितलंय. चुकत असेन तर सोमवारच्या आत कळवा.