कर्ज फेडताना मधेच उमेद जाते, ऑनलाइन काय बघावं, कुणाचं वाचावं?

निशिगंधा
नमस्कार मंडळी. आमच्यावर सध्या तीन कर्जं आहेत, घराचं, एक पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी. सुरुवातीला मी आणि मिस्टरांनी अगदी कंबर कसून फेडायला घेतलं, तेव्हा रोज रात्री कर्जमुक्त झालेल्या लोकांचे व्हिडिओ बघायचो आणि खरंच हुरूप यायचा, खर्च कापायचो, जमेल तसं हप्त्याच्या वर भरायचो. आता मधेच अडकल्यासारखं झालंय, कर्ज संपत आलंय असंही नाही आणि तो पहिला जोरही राहिला नाही. व्हिडिओ बघितला की दोन दिवस बरं वाटतं मग उलटंच होतं, कुणी सांगतं दीड वर्षात सगळं फेडलं आणि आपल्यालाच जमत नाही असं वाटत राहतं. मिस्टर म्हणतात बघणंच बंद कर. पण नातेवाइकांत हा विषय काढता येत नाही, त्यामुळे तेही बंद केलं तर बोलायला कुणीच उरत नाही. तुमची उमेद कशाने टिकली?

वाटसरू
ताई, बघणं बंद नका करू, निवडून बघा. ज्याचं फिटतं तो व्हिडिओ टाकतो, ज्याचं मधेच राहिलं तो गप्प बसतो, म्हणून सगळ्या जगाचं पटापट फिटतंय असं दिसतं. मी कुठलीही कर्जमुक्तीची गोष्ट बघताना आधी दोनच गोष्टी शोधतो, फेडायच्या काळात त्यांची कमाई वाढली होती का आणि राहायचा खर्च कोण करत होतं. बऱ्याचदा मधेच एका वाक्यात येऊन जातं की आईवडिलांकडे राहायला गेलो किंवा एक प्रॉपर्टी विकली, बाकी अर्धा तास सगळा काटकसरीवर. ते लोक खोटं बोलतात असं मला अजिबात म्हणायचं नाही, पण त्यांचा वेग तुमच्या घराला लावू नका.

मला सगळ्यात उपयोगी पडतात ते अजून कर्जात असलेले लोक, जे दर महिन्याला येऊन आकडे लिहितात. एखाद्या महिन्यात गाडी बिघडली, जास्तीचं काहीच भरता आलं नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा चालू. अशा माणसाचं पहिल्यापासून सलग वाचा, मधला टप्पा सगळ्यांचाच रेंगाळतो हे दिसतं आणि त्याने जो धीर येतो तो टिकतो.

आणि एक, त्याच फोनवर खरेदीचे व्हिडिओ आणि सेलची नोटिफिकेशन येत असतील तर ती आधी घालवा. शॉपिंग ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, प्रत्येक वेळी उठून पर्स शोधून नंबर टाकायला लागला की निम्म्या वस्तू कार्टमध्येच राहतात.

शून्य_बाकी
वाटसरू यांच्याशी सहमत, पण मला वाटतं तुमची उमेद जायचं खरं कारण घराच्या कर्जाचं स्टेटमेंट असणार. २० वर्षांचं ९ टक्के दराचं कर्ज असेल तर पहिल्या हप्त्यातला साधारण ८३ टक्के भाग व्याजातच जातो, मुद्दल जेमतेम हलतं. माणूस वर्षानुवर्षं भरतो आणि बाकी बघितली की पोटात गोळा येतो. पण पुढे दर हप्त्याला मुद्दलाचा वाटा वाढत जातो, हा तक्ता बँकेकडून मागून घ्या आणि फक्त मुद्दलाचा कॉलम बघत जा. जास्तीचे पैसे भरताना त्यावर काही शुल्क आहे का ते विचारा आणि ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या, व्याज जास्त वाचतं.

कुठलं आधी फेडायचं यावर दोन मतं आहेत. हिशोबाने बघितलं तर ज्याचं व्याज जास्त ते आधी. दुसरं मत, सगळ्यात लहान कर्ज आधी मिटवा. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या दोन संशोधकांचा २०१२ चा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की जे लोक एकेक खातं पूर्ण बंद करत गेले ते सगळं कर्ज फेडण्यापर्यंत पोचायची शक्यता जास्त होती. म्हणजे एक तरी खातं शून्यावर आलेलं दिसणं याला किंमत आहे, आणि तुम्हाला आत्ता तेच हवंय असं वाटतं.

अनुजा_म
निशिगंधा, मिस्टरांना व्हिडिओ पाठवू नकोस, महिन्यातून एकदा दोघं बसून बाकी किती उतरली ते एका कागदावर लिहा. माझ्या नवऱ्याला त्या व्हिडिओंचा रागच यायचा, पण कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या चौकटी मात्र तो स्वतः रंगवायचा, एवढं मुद्दल उतरलं की एक चौकट. त्या चौकटींचा नमुना मला ऑनलाइनच सापडला होता.

आणि सांभाळून गं, अशा पोस्टखाली ‘तुमचं कर्ज निम्म्यात मिटवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे हमखास येतात. त्यांना उत्तरच देऊ नकोस, आणि लोनचा स्क्रीनशॉट कुठेही टाकू नकोस, खातं नंबर दिसतो.

निशिगंधा
सगळ्यांचे खूप आभार, अनुजाताई, चौकटींचं मिस्टरांना वाचून दाखवलं, लगेच हो म्हणाले. शून्य_बाकी, तिन्ही कर्जांत कार्डाची रक्कमच सगळ्यात लहान आहे आणि व्याज महिन्याला ३ टक्के. सध्या त्यावर मिनिमम ड्यूच, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कमच, भरतोय आणि जास्तीचे पैसे घराच्या कर्जात टाकतोय.

शून्य_बाकी
मग घराच्या कर्जात जास्तीचं टाकणं आजच थांबवा, तिथे फक्त हप्ता जाऊ दे. महिन्याला ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर, घराच्या कर्जाच्या कितीतरी पट. लहानही तेच आणि महागही तेच, त्यामुळे कुठल्याही पद्धतीने आधी कार्डच येतं. आणि ते फिटेपर्यंत त्यावर नवीन काही घेऊ नका, मागची बाकी असताना नव्या खरेदीला बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं.